अँपची घरघर

रोहा, मंगळवार, संध्याकाळ

पेणहून पुतण्या प्रसाद आला होता. त्याची बेंजो पार्टी इतकी वर्षं मी घरी बनवलेल्या अँपवर, म्हणजे अँप्लिफायरवर, वाजते, आणि अँपबरोबर टेम्पोत मीही जातो. आज त्याने अँपचा आवाज लॅपटॉपात उतरवून घेतला, घरघरीसकट.

"अरे, ती घरघर तरी काढू दे."

"नको काका, तीच तर आपल्या पार्टीची ओळख हाय. आता लॅपटॉपातूनच तो आवाज निघंल, अँप न्यायला नको. तुम्ही पण आराम करा. कोलाडच्या हळदीला जेवायला या."

जेवायला. म्हणजे मी पाहुणा झालो. गरज सरो, वैद्य मरो. आराम मी कधी मागितला होता?

तो गेल्यावर रागाने अँप उघडला, घरघर काढून टाकली. आता स्वच्छ वाजतो, पण माझा वाटत नाय.