मधली जागा

रत्नागिरी,
२८ जानेवारी

प्रिय हरीदादा,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलंय, त्यावर जाऊ नकोस. फोनवर माझा आवाज चढला की तू ‘रेंज नाही’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. रेंज येईल तेव्हा येईल, वाचावं तर लागेलच.

परवा सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेत मला बोलावलं होतं, तुझी बहीण म्हणून. दक्षिण सुदानातला तुझा संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीतला फोटो मोठा करून लावलेला. मी पोरांना सांगितलं, आपला देश सत्तर वर्षांहून जास्त काळ परक्या मुलखात शांतता राखायला जवान पाठवतो. तिथली वीतभर जमीन आपल्याला नको असते, तरी आपली कितीतरी माणसं तिथं कामी आली. सांगताना मला तुझा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? मग तू कळवलेली हकिगत सांगितली. एका पाणवठ्यावरून दोन जमाती एकमेकांच्या जिवावर उठलेल्या, आणि तुमची तुकडी मधोमध तंबू ठोकून दोन महिने बसली. कोणाची बाजू घेतली नाही. शेवटी दोघांची गुरं एका पाण्यावर आली. पोरांनी टाळ्या पिटल्या.

तीच हकिगत संध्याकाळी दवाखान्यात आईला सांगितली. ती म्हणाली, मग गो बाय, आपल्या विहिरीवर कधी येतेय त्याची पलटण? मला हसू आलं आणि मग असा संताप आला, की बाहेर जाऊन उभी राहिले.

गेल्या मे महिन्यात सुटीवर आलास तेव्हा वीस दिवसांत काय केलंस, आठव. सख्ख्या धाकट्या भावाशी, सागरशी, पडवीच्या चार कौलांवरून वाजलं आणि घरापुढच्या खळ्याच्या मधोमध चिऱ्यांची भिंत, गडगा घातलास. छातीएवढा! आईचं स्वयंपाकघर तुझ्या बाजूला, विहीर त्याच्या. तू गेलास उडून. सागरही काही कमी नाही, त्यानं विहिरीच्या वाटेला फाटक लावून कुलूप घातलं. मग आई कळशी घेऊन पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून खालच्या सोनूबाईंच्या विहिरीवर जायला लागली. डिसेंबरात आई ‘पडली’ एवढंच मी तुला कळवलं होतं. ती कळशीसकट त्या पाखाडीवरून पडली, दादा. म्हणून खुबा मोडला. हे तुला सांगायचं नाही अशी तिनं मला शपथ घातली होती, ती आज मोडतेय.

सागर दवाखान्यात रोज तिच्या उशाशी असतो, हातानं पेज भरवतो. पण गडग्याचं नाव काढलं की म्हणतो, आधी दादानं गडगा काढावा. तुला विचारलं तर तू म्हणतोस, आधी त्यानं कुलूप काढावं. पंचाहत्तरीची आई तुमच्या त्या ‘आधी’त अडकून पडलीय. लाजा कशा वाटत नाहीत रे? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. त्याच विहिरीत तू सागरला कमरेला दोरी बांधून पोहायला शिकवलंस. दोरीचं टोक माझ्याकडे असायचं, आणि तू पाण्यातून ओरडायचास, दर्शू, सोडू नको हां! माझ्या तळव्यांची सालं निघायची, पण मी सोडली नाही.

आणि काल तुझ्या वकिलाचा माणूस माझ्या दारात. हक्कसोडपत्र घेऊन. माझा हिस्सा तुझ्या नावे सोडायचा म्हणे. पंधरा दिवसांपूर्वी सागरनंही तसलाच कागद आणला होता, त्याच्या नावाचा. बहिणीनं सही करायची, साडी घ्यायची आणि चालू पडायचं, आपल्यात असंच चालतं. मीही केली असती. आता करणार नाही, तुलाही नाही आणि त्यालाही नाही. बाबांच्या माघारी सातबाऱ्यावर आईसोबत आपण तिघं आहोत. वाटणी होईल तेव्हा मी मधलीच जागा मागणार, खळं आणि विहीर धरून. सोमवारी आई वॉकर घेऊन घरी येतेय. वॉकर काही गडगा चढत नाही. रविवारी सकाळी मी आणि आमचे हे पहार घेऊन जातोय, गडगाही पडेल आणि कुलूपही तुटेल. सागरला सांगितलंय, तुला हे सांगतेय. पोलिसांत जायचं असेल तर दोघं मिळून जा, तेवढं तरी एकत्र कराल. मग मी त्या मधल्या जागेत खुर्ची टाकून बसणार आहे, दोन महिने तर दोन महिने. कोणाची बाजू न घेता कसं बसायचं, ते तूच कळवलंयस. जिवाला जप, आणि सुटी मिळाली की ये. पाणी प्यायला मात्र माझ्या विहिरीवर यावं लागेल, आणि सागरही तिथंच असेल.

तुझीच, आणि तेवढीच सागरचीही,
दर्शू