हिरव्या रेघेचे रस्ते

नाना, यंदा तुमचं श्राद्ध तिथीला माझ्या हातून घरी होणार नाही, हे आधीच सांगून टाकते. आडून आडून बोललेलं तुम्हाला कधी आवडलं नाही. पितृपक्षातल्या त्या दिवशी मी झाशीत नसेन. ताईच्या मुलीने मला न विचारता दक्षिण फ्रान्सची तिकिटं काढली आहेत. आठवडाभर सायकलवर, द्राक्षमळ्यांच्या डोंगराळ मुलखातून. फोनवर म्हणाली, “मावशी, बुक तो हो गया है. आता नाही म्हणू नकोस.” तिला मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र अर्ध्या वाटेत हिंदीत उतरते. मी विचारलं, कॅलेंडर बघितलंस का? बघितलं होतं म्हणे, ऑफिसच्या सुट्ट्यांचं. त्यात पितृपक्ष छापत नाहीत.

खंडेराव गेटपाशी राहणाऱ्या माझ्या चुलतभावाला, तुमच्या लाडक्या पुतण्याला, ही बातमी कोणीतरी पोचवलीच. तो लगेच आला, चहा घेतला आणि मग म्हणाला की बाप तिथीला दारात येऊन उपाशी परत जाणार आणि लेक तिकडे दारूच्या मुलखात फिरणार. मी त्याला आठवण करून दिली. तुम्हाला मुलगा नाही म्हणून सुरुवातीची काही वर्षं श्राद्धाला तोच बसायचा, एक डोळा घड्याळावर ठेवून. मग एका वर्षी मऊरानीपुरात त्याचा गल्ल्याचा, म्हणजे धान्याचा, सौदा होता, म्हणून आलाच नाही. खीर झालेली, वडे तळलेले, पानं मांडलेली, आणि बसायला कोणी नाही. तेव्हापासून मी बसते. गुरुजी कुरकुरले. मी म्हटलं, नानांचा मुलगा कुठे असला तर शोधून आणा, मी आनंदाने उठते. ते संकल्प सांगू लागले. इतक्या वर्षांत मी एकदाही चुकवलेलं नाही, नाना, आणि यंदा चुकवणार आहे. म्हणून हे लिहायला बसले आहे. रागाने बसले आहे, पण राग नेमका कोणावर आहे ते अजून मला नीट सांगता येत नाही.

तुम्हाला तो नकाशा आठवतच असेल. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत भूगोल शिकवणाऱ्या वयस्क सिस्टर दक्षिण फ्रान्सच्या त्याच मुलखातल्या होत्या. त्यांचे वडील द्राक्षं पिकवायचे. मी वर्गात फ्रान्सच्या नद्या न अडखळता म्हटल्या म्हणून त्यांनी मला त्यांच्या पेटीतला एक जुना, घड्यांवर फाटलेला रस्त्यांचा नकाशा दिला. तो घेऊन मी घरी येते. आई पोळ्या करते आहे. तुम्ही रेल्वेच्या ऑफिसातून नुकतेच आला आहात, पायमोजेसुद्धा काढलेले नाहीत, आणि तो कागद तुम्ही स्वयंपाकघरातच जमिनीवर पसरता, कारण दिवा तिथला चांगला. तुम्ही दिवसभर रुळांच्या चढ-उतारांचे नकाशे काढणारे, तुम्हाला पहिल्यांदा दिसले ते चढ. रस्त्यावर बाणाची टोकं छापली होती. एक टोक म्हणजे चढ, दोन म्हणजे जास्त चढ, तीन म्हणजे मुकाट्याने उतरून सायकल ढकला. मग तुम्हाला दिसलं की काही रस्त्यांच्या कडेने बारीक हिरवी रेघ आहे. दुसऱ्या दिवशी मी सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, हिरवी रेघ म्हणजे देखणा रस्ता. हे तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही त्या रेघेवरून बोट फिरवलंत. मग म्हणालात, “म्हणजे त्या लोकांनी माणूस पाठवला असणार. रस्ता सुंदर आहे का, एवढंच बघायला.” अशी नोकरी जगात कुठेतरी आहे, याने तुम्ही त्या रात्री किती खूष होतात ते मी अजून विसरलेले नाही.

पुढच्या रविवारपासून ती नोकरी आपण दोघांनी धरली. ताईला त्यात रस नव्हता. तुम्ही झाशीच्या चहूबाजूंच्या रस्त्यांचा नकाशा स्वतः काढलात, माझ्यासाठी जुनी लेडीज सायकल आणलीत आणि हिरवी पेन्सिल खिशात लावलीत. आई दशम्या आणि लोणचं बांधून द्यायची. उजाडायच्या आत आपण निघायचो, ऊन चढायच्या आत परत. मुलगी फ्रॉक घालून सायकलवर गेटाबाहेर जाते यावर आमच्या गल्लीत जे बोललं गेलं त्यातलं निम्मं तुम्हाला कधी कळलंच नाही, कारण निम्म्याला मी परस्पर उत्तरं देऊन मोकळी होत असे. ओरछाचा रस्ता, बरुआसागरच्या तलावाचा, चिरगाँवकडे जाताना बेतवा नदी लागते तिथला. परत आल्यावर वाद. माझ्या मते प्रत्येक रस्ता हिरवा. तुमच्या मते जवळजवळ कुठलाच नाही.

एका फाल्गुनात ओरछाच्या वाटेवर पळस फुललेला. मी परत आल्या आल्या तुमच्या खिशातली पेन्सिल काढून त्या रस्त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली. तुम्ही ती खोडलीत. माझ्या देखत, रबराने, सावकाश. म्हणालात, “फुलं आली म्हणून रस्ता देखणा होत नाही. वैशाखात चल, मग ठरवू.” आणि खरोखर मे महिन्यात मला त्याच रस्त्याने नेलंत. सकाळी नऊला हँडल हाताला चटके देत होतं, पळसाला फूल नव्हतं, आणि मी सबंध वाट मुद्दाम तुमच्या मागे रेंगाळत होते. एका नाल्यापाशी मोहाची झाडं होती, तेवढ्या सावलीच्या तुकड्यात तुम्ही थांबलात, पाणी प्यायलात आणि गुडघ्यावर नकाशा ठेवून तेवढ्याच तुकड्याला हिरवी रेघ मारलीत. बोटाच्या पेराएवढी. त्या दिवशी मी तुम्हाला दुष्ट म्हटलं होतं, मनात आणि इंग्रजीत. पण तो नियम झाला. ज्याला रेघ हवी तो रस्ता त्याच्या सर्वांत वाईट महिन्यात बघायचा.

आणि रोज रात्री जेवणाआधी फ्रान्स. समुद्र मागे टाकून आत वळायचं, द्राक्षमळ्यांमधून हळूहळू वर, डोंगरमाथ्यावरच्या दगडी गावात मुक्काम, मग दुसऱ्या अंगाने उतरायचं. चढ नेहमी सकाळी, उतार जेवणानंतर. दोन पाणवठ्यांच्या मधलं अंतर बोटांनी मोजून तुम्ही दिवस आखायचात, आणि हिरव्या रेघेसाठी वाकडी वाट करायला तुमची कधी ना नसायची. आई वाट बघून कंटाळायची. “फ्रान्सला पोचला असाल तर पाट घ्या,” म्हणायची. “नसाल पोचला तर भात निवतोय.” आपण दोघं नकाशा उचलायचो, पण घडी घालायचो नाही, कारण जेवण झाल्यावर पुन्हा उघडायचा असे.

आपण निघणार होतो डिसेंबरात. याबद्दल कधी वादच झाला नाही. सायकल चालवायची म्हणजे थंडीत, दुसऱ्या कुठल्या महिन्यात शहाणा माणूस बाहेर पडेल? मी एकदा सिस्टरना मोठ्या तोऱ्याने आपला बेत सांगितला. त्यांनी विचारलं, डिसेंबरात? मग हसून म्हणाल्या की तेव्हा तिथे पावसाची झोड असते, वारा सायकलसकट माणूस उडवतो, आणि मळ्यात वेलींच्या जागी नुसते काळे खुंट उभे असतात. मी घरी येऊन तुम्हाला हे सांगितलं तेव्हाचं तुमचं तोंड! तुम्ही विचारलंत, “हिवाळ्यात पाऊस, उन्हाळा कोरडा. हे तू परवाच परीक्षेत लिहिलंस ना?” लिहिलं होतं, आणि पूर्ण मार्क पडले होते. “मग मला का नाही सांगितलंस?” मी म्हटलं, “ते भूगोलात होतं.” तुम्ही इतके हसलात की आई हातातलं लाटणं घेऊन बघायला आली. पेराएवढ्या रेघेसाठी मला मे महिन्यात भाजून काढणारा माणूस फ्रान्सला मात्र झाशीचा हिवाळा लावून बसला होता.

मग योग्य महिना कोणता, तर सिस्टर म्हणाल्या सप्टेंबर. द्राक्षं उतरवतात, ऊन मवाळ झालेलं असतं, रस्ते कोरडे. मी कॅलेंडर काढलं. तुम्ही ते बघितलंत आणि नकाशाची घडी घातलीत. पितृपक्ष. त्या पंधरवड्यात तुम्ही गावाबाहेर सुद्धा जात नव्हतात. तुम्हाला दोन वर्षांचं सोडून गेलेले तुमचे वडील, ज्यांचा चेहराही तुम्हाला आठवत नव्हता, त्यांच्यासाठी. “ते येतील आणि मी नसेन, असं कसं चालेल,” एवढंच म्हणालात. मी तुम्हाला तेव्हा थेट विचारलं, “नाना, आपण खरंच जाणार आहोत का?” आणि तुम्ही म्हणालात, “रस्ता तर ठरू दे आधी.”

रस्ता ठरला होता, नाना. दहा वेळा ठरला होता. मी बँकेत लागल्यावर पुन्हा विचारलं, तर तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, बघू, मे महिन्याचं जमतं का. पुढे तुमचे डोळे अधू झाले, तरी तुम्ही मला समोर बसवून गावांची नावं वाचायला लावायचात आणि मधेच विचारायचात, इथे किती टोकं आहेत? मी सांगायची, दोन. तुम्ही मान डोलवायचात, की बरोबर, सकाळीच गाठायला हवं. तेव्हा मला ते गोड वाटायचं. तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षं मला त्याचा संताप येत असे. मी ते सगळं खरं धरलं होतं. लग्नाची स्थळं टोलवताना मी मनात म्हणायची, आधी फ्रान्स होऊ दे. तुम्ही कधी खरं धरलं होतं का, हे मला आजही माहीत नाही, आणि आता विचारून उपयोग नाही.

भाचीने त्या सायकलवाल्या कंपनीचा बेत पाठवला तो मी वाचला आणि पेटलेच. रोज सारखंच अंतर, जणू पट्टीने कापलंय. सगळ्यांत मोठा चढ जेवणानंतर. दोन ठिकाणी नदीकाठच्या डांबरी हमरस्त्याने नेतात, बाजूला हिरव्या रेघेचा रस्ता असताना, कारण वाटेत त्यांच्या ओळखीच्या माणसाचं वाइनचं दुकान आहे. मी तुमचा जुना नकाशा काढला, शेजारी भाचीने पाठवलेला नवा ठेवला, आणि जेवणाच्या टेबलावर सबंध आठवडा पुन्हा आखला. भाची म्हणाली, “मावशी, वो लोग वहीं के हैं, त्यांना माहीत असणारच ना.” मी म्हटलं, असेल माहीत, पण बेत आखताना त्यांना दुपारची झोप येत असेल. कंपनीच्या पोराने फोनवर मला चार वेळा आंटीजी म्हणून समजावलं की बेत बदलता येत नाही. पाचव्यांदा त्याने बदलला. चढ सगळे सकाळी. मुक्काम डोंगरमाथ्यावर. तुम्ही आखलेल्या रस्त्यांपैकी बरेचसे अजून आहेत, आणि बहुतेकांना नव्या नकाशातही हिरवी रेघ आहे. ते काम पुढे कोणीतरी करत राहिलंय.

तेव्हा माझं ठरलं आहे. तुमच्या वडिलांसाठी तुम्ही फ्रान्स सोडलात. मी तुमच्यासाठी तो सोडणार नाही. गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, राहिलेलं श्राद्ध सर्वपित्रीला करता येतं, तोवर परत या. येईन आणि खीर-वडे रीतसर करीन. पण तुम्ही तिथीला येणार हे मला माहीत आहे. तुम्ही कसले ऐकताय. म्हणून पत्ता लिहून ठेवते. त्या दिवशी आम्ही त्या दगडी गावात असू, जिथे जायला नकाशात दोन टोकं आहेत आणि पोचल्यावर चर्चच्या मागून खालचे सगळे मळे दिसतात, असं सिस्टर सांगायच्या. दशम्या मी इथूनच करून नेणार आहे, त्या टिकतात. तिकडे कावळे असतात का, हेही भाचीला शोधायला लावलं. ती आधी हसली, मग तिने शोधलं. असतात.

एक गोष्ट मात्र तिला सांगितलेली नाही. त्या दिवसाचा प्रवास मी अगदी लहान ठेवला आहे, सकाळच्या चहानंतर निघून ऊन तापायच्या आत संपेल एवढा, पुढे दिवसभर काही नाही. तिने विचारलं, एवढा छोटा का? मी म्हटलं, माझा गुडघा दुखतो. तिने बिचारीने लगेच औषधांची नावं लिहून पाठवली. गुडघ्याला काहीही झालेलं नाही, नाना. तुम्हाला शोधत यायला वेळ लागेल, म्हणून.