पंडुमातली बाटली

चंद्रपूर,
२ जून २०२४

प्रिय रंजीताबाई,

तुले, भाऊजीले अन् मायले माझा नमस्कार. धानोऱ्याच्या बसनं लटारू येऊन राह्यला, त्याच्याच हाती हे पत्र देतो. तुमच्याकडं टॉवर कुठी आहे! तेंदूपत्ता सरला काय? मी मधी दोन दिवस गोंडपिपरीले भटकून आलो. काम काही नव्हतं. आंबे मस्त होते.

पेरणी झाली नसंल ना?

लॅबात मी काचेची भांडी धुतो, हे तुले मालूम आहे. तिथल्या करिश्मा मॅडम धानाच्या मुळावर काम करतात. मुळाच्या पेशीच्या पडद्यात म्हणे बारके पंप असतात. ते आतला आंबटपणा बाहेर फेकतात, त्याच जोरावर मूळ वाढते. मॅडम रोपं जांभळ्या जेलीत लावतात. पंप चालला की मुळाभोवती जेली पिवळी होते, हळद सांडल्यावानी.

पंपाले इंधन लागते. मॅडमनं हुबेहूब तसंच दिसणारं नकली इंधन बनवलं. पंप ते धरते, पण जाळता येत नाई, अन् जागेवरच अडकते.

बाई, पंडुमाच्या सणाले मी आणलेली बाटली टॉनिकची नव्हती. विकत घेतली म्हटलं, तेही खोटं. मॅडमच्या फ्रिजमधून उचलली, तेच नकली इंधन होतं तिच्यात. रिकाम्या हातानं घरी यायची लाज वाटे, अन् चिठ्ठीवर ‘धान’ एवढंच वाचलं. मायनं ती मुखरूभाऊले दिली. गावचा भुमिया तो, देवाची पूजा तोच करते. बीजपंडुमात साऱ्या गावाचं बी देवापुढं एका ढिगात होतं, त्यावर त्यानं तीच शिंपडली. मग ज्यानं त्यानं टोपली भरून नेली. मी हसत उभा होतो.

त्यातलं मूठभर बी खिशात आणून मी जेलीत लावलं. कोंब झकास फुटले. मुळं पेरभर आली अन् थांबली. आज अकरावा दिवस, जेली जांभळीच आहे. मॅडमले सगळं सांगितलं. रागावल्या नाई, म्हणून जास्त भेव वाटलं. धुऊन निघंल काय विचारलं, तर म्हणाल्या, “अंकुश, रोपाला ते खरं वाटतं. ते सोडत नाही.”

नीलाबाई रुसून बी घेऊन पंडुमाले आली नाई म्हणून आपण तिले काय काय बोललो. मी सगळ्यात जास्त. आता तिच्याच ढोलीत साठवलेलं बी चांगलं आहे. तिच्या दारी जा, माझ्या नावानं पाय धर. कोणाले पेरू देऊ नको. लोक म्हणतील, बी तर उगवून राह्यलं. उगवंलच, बाई.

मीच यायले पाहिजे होतं. काल स्टँडवर गेलो, पण बसमध्ये चढलो नाई.

मायले शेवटी सांग. तिनं ती बाटली पदरानं पुसून दिली होती.

तुम्ही बोलवाल तवाच येणारा,
अंकुश