शेजारच्या सीटचा ब्रेक

नारपोली, भिवंडी
मंगळवार

निशाच्या बाबांना नमस्कार,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहितेय. निशाकडून वाचून घ्या, डोळ्यांना ताण देऊ नका. थेंब सकाळ-संध्याकाळ घालता ना?

मी ताईंकडे बरी आहे. रोज सकाळी बसने पडघ्याला जाते, तिथल्या मैदानावर ट्रक शिकवतात. सगळ्यांत मी एकटीच बाई. पहिले दोन दिवस पोरं हसली. पण दुपारपर्यंत क्लच दाबून त्यांचेही पाय थरथरतात, आता कुणी हसत नाही. माझा डावा गुडघा जरा सुजलाय. ताई शेकून देतात, काळजी नको.

काल रिव्हर्स घेताना खांब पाडला. मास्तर म्हणाले, "बाई, आधी खाली उतरून मागे बघून यायचं, मग गिअर टाकायचा." तुम्हीही असेच उतरून गाडीभोवती फिरायचात आणि मी आत बसून कटकट करायचे. ते आठवलं आणि तिथेच रडू आलं, इतकी दमले होते. निशा, एवढं वाक्य बाबांना वाचून दाखवू नकोस.

डोळ्यांमुळे तुमचं लायसन्स गेलं, त्यात तुमचा काय दोष? गाडी विकायची घाई करू नका. शुक्रवारी माझी टेस्ट आहे. झाली की फोन करीन, तेवढा उचला.

इथे मास्तरांच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. मी चुकले की ते दाबतात. आपल्या गाडीत तुमच्या बाजूला तो नसेल. तरी बसाल ना?

तुमची,
प्रमिला