एरर : सक्सेस

सोमवार, ४ मार्च

स्क्रीनवर काय, तर म्हणे "एरर : सक्सेस"! वीस वर्षं प्रोग्रॅमिंग करतेय, इतका निर्लज्ज मेसेज पाहिला नव्हता. नापास झालात, अभिनंदन!

रक्तपेढीतल्या फ्रिजांचं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर आमचं. तिथल्या टेक्निशियन ताईंचा फोन खरं तर प्रिंटरसाठी होता. ठेवता ठेवता म्हणाल्या, "मॅडम, स्क्रीनवर तीन नंबरच्या फ्रिजखाली ते एरर सक्सेस येतं ना, ते काढाल का? बरं नाही दिसत."

"कधीपासून येतंय?"

"झाले पंधरा-वीस दिवस. सक्सेस लिहिलंय म्हणून आम्ही काही मनावर घेतलं नाही. तापमान छान आहे. चार. हलतसुद्धा नाही."

हलत नाही! अहो, फ्रिज आहे तो, भिंतीवरचा फोटो नाही. दार उघडलं-मिटलं की आकडा वरखाली व्हायलाच हवा. म्हटलं, साधा थर्मामीटर ठेवा आत, आत्ता. दहा मिनिटांनी परत फोन. आवाज पार बदललेला.

"मॅडम, अकरा."

रक्त सहाच्या वर जाऊ द्यायचं नसतं.

मंगळवार, ५ मार्च

जाऊन आले. सेन्सरची वायर दारात चेंगरलेली. त्यामुळे सेन्सर मेला, आणि दारही नीट लागेना. फ्रिजचा स्वतःचा भोंगा? "फार केकाटायचा हो, बंद केला," ताई म्हणाल्या. मान खाली.

एकोणीस दिवस! फ्रिजमधल्या सगळ्या पिशव्या बाद. पण चौदा आधीच रुग्णांना देऊन झाल्यात. त्या चौदा जणांना आता एकेक करून फोन चाललेत. ताई रडल्या नाहीत. स्वच्छ टेबल पुन्हा पुन्हा पुसत राहिल्या. मला तेच जास्त लागलं.

ऑफिसात साहेब — सगळं आत्ताच हवं असतं म्हणून पाठीमागे त्यांचं नावच "आत्ताच" — म्हणाले, "आपला काय संबंध? वायर त्यांची, दार त्यांचं."

"वायर गेली हे ओरडून सांगणं आपलं काम होतं, साहेब."

"हं. मग कारण शोधा. आत्ताच."

बुधवार, ६ मार्च

सापडलं! दोन ओळी. दोन फालतू ओळी!

आमचा वरचा सगळा डोलारा स्क्रिप्टच्या भाषेत. ती पोरं ऐटीत लिहितात. खाली सेन्सर वाचणारा तुकडा मात्र सी या जुन्या भाषेत, आणि ऑफिसात सी येणारी मी एकटी. म्हणून माझं नाव "पुरातत्त्व खातं".

तर, सेन्सर वाचता आला नाही की ऑपरेटिंग सिस्टीम 'एरनो' नावाच्या खणात चुकीचा एक आकडा टाकते. पाच म्हणजे वाचताच आलं नाही, तेरा म्हणजे परवानगी नाही, असं. तो आकडा तिथल्या तिथे उचलायचा आणि वर स्क्रिप्टला द्यायचा. आमच्या महाभागाने काय केलं? आधी लॉगमध्ये नोंद केली, मग आकडा उचलला. आणि आमचं लॉगचं फंक्शन सुरुवातीलाच एरनो शून्य करतं. शून्याचा अर्थ — सक्सेस! वरच्या पोरांच्या कोडने पाहिलं, शून्य आहे, म्हणजे काळजी नाही, दाखवा मागचंच तापमान. चार. एकोणीस दिवस चार!

महाभाग कोण? फाईलच्या डोक्यावर नाव आहे. सर. याच ऑफिसात मला सी शिकवणारे सर, सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. दिवसभर ज्याला शिव्या घातल्या तो माणूस हा.

"आत्ताच"ना केवढा आनंद! "निवृत्त? उत्तम! घाला नाव अहवालात."

गुरुवार, ७ मार्च

दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच सांगावं म्हणून सरांकडे गेले. गॅलरीत मिक्सर उघडून बसले होते. त्यांच्या मिसेस आतून ओरडल्या, "तू तरी सांग गं यांना, नवीन आणा म्हणून!" सर बहिरे झाल्यासारखे.

त्या ओळींचा कागद दिला. चष्मा शोधण्यात पाच मिनिटं. मग वाचलं. फार वेळ वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"शुद्ध गाढवपणा आहे," म्हणाले. "लोक कसे आहेत?"

"शोधताहेत अजून."

"फाईलवर नाव माझं आहे ना? मग माझंच लिही. लाजू नकोस."

इतकं सरळ! मला वाटलं होतं, भांडतील. सबंध रस्ताभर मलाच चोरट्यासारखं वाटत होतं. चहा घेतला, पण चव कळली नाही.

शुक्रवार, ८ मार्च

तेरा सापडले. ठणठणीत. चौदाव्या बाईंना ताप. पुन्हा ॲडमिट.

शनिवार, ९ मार्च

ताप आहेच. नवरा म्हणाला, "तू डॉक्टर आहेस का? जेव." मी म्हटलं, डॉक्टर असते तर बरं झालं असतं, निदान पेशंटसमोर तरी असते. भाजीत मीठ नव्हतं. गुपचूप खाल्ली त्याने. शहाणा आहे.

रविवार, १० मार्च

उतरला! ताईंचा फोन. साधा व्हायरल निघाला, रक्ताचा संबंध नाही.

सोमवार, ११ मार्च

रक्तपेढीत मीटिंग. मोठ्या डॉक्टरीणबाई असल्या तापलेल्या! "यांना घरी पाठवणार आहे मी," ताईंकडे बोट. "स्क्रीन वाचता येत नाही?"

तेवढ्यात दार उघडून सर! कोणी बोलावलं नव्हतं; मीटिंगचं तेवढं माझ्याकडून कळलं होतं. इस्त्रीचा शर्ट, हातात काठी.

"स्क्रीनवर सक्सेस आम्ही लिहिलं होतं, डॉक्टर. त्यांनी तेच वाचलं आणि खरं मानलं. भोंग्याबद्दल त्यांना जरूर रागवा. बाकीचं माझ्या नावावर टाका."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे केली. म्हणाल्या, "बसा तुम्ही आधी." ताईंची नोकरी राहिली. "आत्ताच"ने बाहेर येऊन सरांचा हात इतका हलवला की काठी पडली. बावळट.

बुधवार, १३ मार्च

पाठवलेल्या अहवालाला फाईलचा सगळा इतिहास जोडायचा राहिला होता, म्हणून अडगळीतली जुनी डिस्क लावली. सरांच्या कोडमध्ये ती लॉगची ओळ नाहीच. ती घातली गेली त्यांच्या निवृत्तीनंतर पाच आठवड्यांनी. घालणारी मी.

सरांना फोन केला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, अक्षर ओळखतो मी तुझं," म्हणाले. टाईप केलेल्या कोडचं अक्षर!

अहवाल परत मागवलाय. आधी डॉक्टरीणबाईंकडे जाते, मग ताईंकडे.