‘कास्ता’ला मराठी शब्द

ट्रॉय, मिशिगन
रविवार, १३ एप्रिल १९८६

प्रिय पुरुषोत्तम,

तुझं पुडकं बुधवारी मिळालं, आत ठेवलेली चिठ्ठीही मिळाली. चिठ्ठीबद्दल शेवटी लिहिते. आधी तिच्याबद्दल लिहायला घेतलं तर प्रुफं तशीच राहतील आणि अमेरिकेतल्या रामटेकेबाईंनी कलाकोशाचा तिसरा खंड अडवला, असं तू पुणेभर सांगत फिरशील. माझा नवरा देवानंद गाडीचं ऑइल बदलून आणायला गेला आहे, मुलगी पद्मिनी मैत्रिणीकडे खेळते आहे. घरात मी आहे आणि तुझी लाल शाई आहे. तेव्हा आता मुकाट्याने ऐकून घे.

सात पानांच्या नोंदीत तू एकशे बारा खुणा केल्या आहेस. मोजल्या मी. मेक्सिकोच्या कलेवर नोंद लिही असं मला तूच कळवलंस, तेही एकोणीस वर्षांत एक ओळ न लिहिता, आणि वर बजावलंस की कलेतिहासाच्या संज्ञा शाळामास्तरालाही कळतील अशा मराठीत हव्यात. मला वाटलं, चला, हा माणूस सुधारला. मी इथल्या एका कॉलेजात स्लाइड-लायब्ररी सांभाळते हे तुला ठाऊक आहे. चित्राची स्लाइड काचेत बसवायची आणि कडेच्या बोटभर पट्टीवर चित्र काय, कुठलं, केव्हाचं ते टाइप करायचं, हे माझं रोजचं काम. बोटभर जागेत सांगायची सवय लागली की माणूस फुगीर शब्द वापरत नाही. तू मात्र माझ्या प्रत्येक शब्दाला शालू नेसवून पाठवलास.

पिसांच्या चित्रांचंच घे. अ‍ॅझ्टेक कारागीर इवल्याशा पक्ष्यांची चकाकती पिसं निवडून कागदावर एकेक चिकटवत. स्पॅनिश लोक आले, राजाचे मुकुट गेले, पण तेच हात त्याच पिसांनी येशूचा चेहरा करू लागले. ‘मोझेक’ म्हणजे काय हे सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही, म्हणून मी लिहिलं, ‘पिसांचं जुळवणीचित्र’. तू केलंस ‘पिच्छकुट्टिमचित्रण’. मी ते एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं तर पद्मिनीने आतून विचारलं, मम्मी, काही पडलं का. तसंच ‘आयकॉनोग्राफी’चं. सापांचा घागरा दिसला की ती कोआत्लिकुए, चष्म्यासारखे गोल डोळे दिसले की पावसाचा देव त्लालोक. आपल्याकडे मोदक दिसला की गणपती, तितकं सरळ. देवाला ओळखायच्या खुणा. तिथे तू ‘प्रतिमालक्षणविज्ञान’ घातलंस. शाळामास्तराचा तरी विचार करायचा होतास.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. ‘स्पोलिया’पर्यंत हसतही होते. मोडलेल्या इमारतीचे दगड नव्या इमारतीत वापरतात, त्यांना म्हणतात स्पोलिया. अ‍ॅझ्टेकांची देवळं पाडली आणि त्यांच्याच दगडांची चर्चं उभी राहिली. एक दगड तर असा आहे की त्यावर धरणीचा देव कोरलेला, तो पालथा घालून वरच्या बाजूने खांबाची बैठक घडवली. देव खाली तोंड करून जमिनीत. तू ‘लुंठित वास्तुखंड’ सुचवलंस, ते मी मान्य करते, लूट तरी त्यात दिसते. पण ‘सिंक्रेटिझम’पाशी माझं हसू संपलं. चर्चच्या अंगणातला दगडी क्रूस, त्यावर येशूचं शरीरच नाही, आणि मधोमध काळ्या काचेसारख्या दगडाची चकती, जशी तिथल्या जुन्या देवांच्या छातीवर असायची. मी लिहिलं, ‘एका देवाच्या आडोशाने दुसरा देव जगवणं’. तू ते खोडून एकच शब्द ठेवलास, ‘समन्वय’. समन्वय करायला दोन माणसं एका सतरंजीवर बसावी लागतात, पुरुषोत्तम. इथे एकाच्या हातात तलवार होती आणि दुसऱ्याच्या हातात छिन्नी. त्या छिन्नीवाल्याला जे करता आलं ते त्याने केलं, त्याला तू समन्वय म्हणतोस याचा मला राग आला. खरंच आला.

आणि मग पान सहा. तिथे माझे हात थांबले ते चार दिवस थांबलेच आहेत.

नोंद वाचूनही तू विसरला असशील तर पुन्हा सांगते. अठराव्या शतकात मेक्सिकोत चित्रांचा एक प्रकार निघाला. बहुधा सोळा चौकटी. प्रत्येकीत बाप, आई आणि मूल, आणि खाली लिहिलेलं की या दोघांपासून हे झालं. स्पॅनिश बाप, इंडियन आई, मूल मेस्तिसो. मेस्तिसो आणि स्पॅनिश यांचं कास्तिसो. कास्तिसो आणि स्पॅनिश यांचं पुन्हा स्पॅनिश, म्हणजे तीन पिढ्यांत सुटका. खालच्या रांगांत मात्र सुटका नाही, तिथे पोरांची नावं लांडगा, कोल्हा, ‘मागे फिर’, ‘हवेतच राहा’, आणि एकाचं तर ‘तू मला कळत नाहीस’. कपडे वरून खाली फाटके होत जातात. वरच्या चौकटीत बागेत फेरफटका, खालच्या एका चौकटीत बायको नवऱ्याला स्वयंपाकघरातलं काहीतरी घेऊन बडवते आहे. या चित्रांना म्हणतात ‘कास्ता’ची चित्रं. हाच शब्द पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर घेऊन आले, आपल्याकडचा प्रकार पाहिला आणि त्याला चिकटवला, आणि इंग्रजांनी त्याचं ‘कास्ट’ केलं. दोन्हीकडचा प्रकार अगदी एक नाही हे मलाही कळतं, नोंदीत तसं लिहिलंही आहे. पण शब्द एक आहे. त्याला मराठी शब्द शोधायची गरजच नव्हती, तो घरात होता. मी लिहिलं, ‘जातचित्र’.

तू ‘जात’ खोडून ‘वर्ण’ लिहिलंस. नोंदीत सात ठिकाणी. ‘वर्णचित्र’ म्हणजे मराठी वाचकाला रंगीत चित्र वाटेल, एवढंही तुझ्या लक्षात आलं नाही की आलं आणि सोयीचं वाटलं? वर समासात तुझ्या त्या नीटस अक्षरात टीप, ‘वाचकांना हा शब्द सोसणार नाही.’

हे वाक्य मी आधी ऐकलं आहे, आणि कुठे ते तुलाही ठाऊक आहे. सहासष्ट साल, जूनचा महिना, आपण दोघं एम.ए.ला, मी नागपूरहून नुकती वसतिगृहात आलेली. तू मला पहिल्यांदा घरी नेलंस. माईंनी पोह्यांची ताटली पुढे केली आणि साधेपणाने विचारलं, आडनाव काय ग तुझं. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, पांढरीपांडे. इतक्या झटकन की तू वाटेतच ठरवून आला असणार. जिना उतरताना मी भांडले, तेव्हा तू म्हणालास, आईला सोसणार नाही, योग्य वेळ पाहून सांगू. नागपूर, म्हणजे पांढरीपांडे खपून जाईल. मी मेश्राम, बाबासाहेबांच्या दीक्षेच्या दिवशी वडिलांचं बोट धरून उभी राहिलेली मुलगी, आणि मी अकरा महिने दर गुरुवारी तुझ्या घरी पांढरीपांडे होऊन जेवले. माई मेतकुटाची पुडी बांधून द्यायच्या, हॉस्टेलचं जेवण म्हणजे नुसतं पाणी ग, म्हणायच्या. मला त्या फार आवडायच्या, हे तुला कधी सांगितलं नाही. योग्य वेळ काही आली नाही, मला शिष्यवृत्ती मिळाली आणि मी विमानात बसले. तू चांगला होतास, पुरुषोत्तम, माझ्यावर तुझं प्रेम होतं यात मला तेव्हाही शंका नव्हती. म्हणून तर इतकी चीड येते.

स्वतःलाही सोडत नाही मी. मागच्या महिन्यात पद्मिनी शाळा सुटल्यावर कॉलेजात आली होती. लाइट-बॉक्सवर हीच सोळा चौकटींची स्लाइड होती. लेबलावर ‘इंडियन’ वाचून ती खूश, हे आपणच ना, म्हणाली. मी समजावलं की ते इंडियन वेगळे. मग तिने सगळ्या चौकटींवरून बोट फिरवलं आणि इंग्रजीत विचारलं, मग आपण कुठल्या चौकटीत. मी म्हटलं, यातल्या कुठल्याच नाही. तिने विचारलं, आणि इंडियात असं चित्र काढलं असतं तर? अकरा वर्षांची पोर. मी सांगितलं, आपण बुद्धिस्ट. ते खरंच आहे, मला त्याचा अभिमानही आहे, पण तिने विचारलं होतं ते ते नव्हतं. ती हो म्हणाली आणि च्युइंगगम मागायला लागली. घरी येताना गाडीत मला कळलं की मीही योग्य वेळ पाहायला लागले आहे.

आता तुझी चिठ्ठी. माई फेब्रुवारीत गेल्या, हे तू दोन ओळींत लिहिलंस. शेवटच्या आठवड्यात भान कमी होतं, पण एकदा स्पष्ट म्हणाल्या, अमेरिकेत त्या सुजाता मेश्रामला कळव रे. म्हणून कळवतो आहे, असं लिहून तू लगेच प्रुफांच्या तारखेवर गेलास. ती ओळ पुन्हा वाच. इथे येणाऱ्या पाकिटावर तू ‘सौ. रामटेके’ लिहितोस, कोशाच्या मंडळात मला त्याच नावाने ओळखतात. आणि मेश्राम हे नाव आपण दोघांनी त्या घरात कधी उच्चारलं नाही. मग ते माईंना कोणी सांगितलं? पहिल्याच गुरुवारी कळलं होतं की पुढे कधी, कोण जाणे. चार दिवस मी आठवते आहे, मला चहा घरच्या कपात मिळायचा की वेगळ्या, आणि काही केल्या आठवत नाही. तो त्यांचा मोठेपणा होता की त्याही आपल्यासारख्याच घाबरलेल्या होत्या, तेही मला आता कधी कळणार नाही. कळलं होतं तर त्यांनी एकदा तरी बोलायचं होतं, म्हणून त्यांच्यावरही मी चिडले, आणि मग खूप रडले. पण एवढं नक्की की माझं आडनाव माहीत असून त्या मला वाढत राहिल्या, मेतकूट बांधत राहिल्या आणि मरताना त्याच नावाने माझी आठवण काढून गेल्या. ज्यांना सोसणार नाही म्हणून आपण गप्प बसलो, त्यांना सोसलं होतं. वाचकांनाही सोसेल. सातही ठिकाणी ‘जात’ परत घाल, नाहीतर नोंद काढून टाक. आणि ठेवलीस, तर खाली माझं नाव माईंनी घेतलं तसं छाप.

तुझ्यावर अजून चिडलेली,
सुजाता मेश्राम