खरवडलेली भिंत

सोमवार, ३ तारीख
आले एकदाची! ताईने दारातच मिठी मारली आणि म्हणाली, ही खोली आता तुझीच. चौदा वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या, आता पहिल्यांदाच स्वतःची रंगवणार. ताईची चिमणी, म्हणजे माझी सहा वर्षांची भाची, शेजारच्या खोलीत झोपूनच असते. पोरीचे ओठ फाटलेत, अंग नुसतं कोरडं. डॉक्टरांना काही उमगत नाही म्हणे. आणि ताई माझ्याच मागे पाण्याची बाटली घेऊन फिरतेय, जणू आजारी मी आहे.

मंगळवार, ४ तारीख
दोन खोल्यांमधल्या भिंतीवर जुना तेलरंग आहे, अगदी ठणठणीत. जरा पॉलिशपेपर मारला असता तर वरून खुशाल दुसरा रंग बसला असता. पण ताई ऐकेना. पार प्लास्टरपर्यंत खरवड म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, धंदा माझा की तुझा? तर तोंड पाडून बसली. मग काय, घेतला हातात खरवडायचा पत्रा. संध्याकाळपर्यंत खांदे भरून आले, पण भिंत उघडी झाली. भेगांत पुट्टी भरली, घासली, धूळ ओल्या फडक्याने पुसली. फडकं भिंतीला लागताच खडखडीत वाळलं. उन्हाळा आहे, दुसरं काय.

गुरुवार, ६ तारीख
प्राइमरचा पहिला हात मारला. डबा ठेवून वळते तो भिंत पुन्हा तशीच राखाडी. दुसरा हात मारला, तिसरा मारला, तेच. उघडं प्लास्टर थोडंफार पितंच, पण ही बया अख्खा डबा पिऊन बसली आणि वर एक पांढरा ठिपका नाही. वैताग आला नुसता. एकच गोष्ट चांगली झाली. चिमणी आज उठून खेळली, ओठ भरून आलेत. ताई म्हणाली, तुझा पायगुण. मला मेलीला केवढा आनंद झाला.

शनिवार, ८ तारीख
आता माझे ओठ फाटलेत. चार बाटल्या पाणी प्याले तरी तहान जात नाही. घाम येईनासा झालाय. भेगा चाचपताना भिंतीवर पंजा टेकला होता, उचलला तर कातडी सुरकुतलेली, म्हातारीसारखी. घाबरले, कबूल करते. ताई पाणी ठेवून गेली. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, भिंतीकडे पाहिलं.

रविवार, ९ तारीख
ताई बाजारात गेल्यावर चिमणीच्या खोलीत गेले. याच भिंतीची तिकडची बाजू. ताजा तेलरंग. नखाने टोकरून पाहिलं, एकावर एक चार हात. ओघळ आलेले, अडाणी काम. ताईच्या हातचं. चिमणी म्हणाली, मावशी, तू यायच्या आधी आईने लावला. आधी भिंत माझा हात सोडायची नाही.
पोरीची बाजू बंद केली. माझी बाजू माझ्याच हातांनी उघडायला लावली.
सख्खी बहीण माझी.

सोमवार, १० तारीख
ताईला विचारलं. वाटलं, नाही म्हणेल. नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं. सांगितलं तिने सगळं. दोन्हीकडे रंग होता, तेव्हा भिंतीतली ती तहान फरशीतून पोरीच्या पलंगाखाली आली. एक बाजू उघडी ठेवावीच लागते. मी रडले, डोळ्यांतून काही आलं नाही. मीच का, एवढंच विचारलं.
“तुझ्यामागे रडणारं कोण आहे गं?”
किती शांतपणे म्हणाली. वर माझे केस सारखे केले.

मंगळवार
दाराला बाहेरून कडी. तेलरंगाचे डबे नेलेत तिने. ओरडायला गेले तर घशातून नुसती हवा —
पलीकडे चिमणी हसतेय. हसू दे. तिच्यावर राग नाही. तिच्या आईवर —
उभी राहिले की तोल भिंतीकडेच जातो

बुधवार असेल
पाठ टेकली. सुटत नाही —
बोटं वळत नाहीत, पेन कोरडं पडत चाललंय
रडणारं कोण आहे म्हणे. होतं की. लहानपणी मला खरचटलं तर माझ्याआधी तीच रडायची. ताई होती मला. ताई हो —